गाड्या मोजू नका, उतरणाऱ्या गाड्या मोजा

"सर, समृद्धी महामार्गाला लागून जागा मिळतेय, हॉटेल टाकू का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे. जागा रस्त्याला लागून आहे की एक्झिटला लागून, ते आधी बघा.

5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आता गाडी आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून निघते, कसारा घाटात शिरतच नाही. या टप्प्यात मधे उतरायचं तर शहापूरजवळ. बाकी रस्ता बंदिस्त. तुमचा बोर्ड दिसेलही, पण ताशी शंभरने जाणारा माणूस तुमच्याकडे येणार कुठून? आमणे इथे समृद्धी संपते, पण तिथवर आलेल्याला घर गाठायची घाई असते.

म्हणून इसार द्यायच्या आधी एक्झिटपाशी दोन दिवस काढा. एक मधला वार, एक शनिवार. किती गाड्या उतरतात, कुठल्या बाजूला वळतात, वहीत लिहा. शंभरातल्या पाच थांबल्या तर भाडं, पगार आणि बँकेचा हप्ता निघतो का? नसेल निघत, तर जागा कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या.

घरचं सोनं गहाण ठेवून काढलेलं कर्ज समोरून जाणाऱ्या गाड्या फेडत नाहीत. ते फेडतं दारात थांबलेलं गिऱ्हाईक.