ओवाळणीत काय घालणार?

भाऊबीज तोंडावर आली आहे. घरोघर भाऊ पाटावर बसतील, बहिणी ओवाळतील, तबकात नोटा पडतील. या सुखाच्या चित्राला गालबोट लावण्याची मला हौस नाही. पण बहिणीला नोट देणारे आपण, तिला अंगातले काही द्यायची वेळ आली की कसे वागतो, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून बोलतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झाला. शहरातल्या डॉक्टरांनी केमोथेरपीने दुखणे ताब्यात आणले आणि सांगितले, "हे उलटण्याची धास्ती आहे. निरोगी माणसाच्या मूळपेशी हिच्या अंगात घालायला हव्यात." घरातल्यांच्या तपासण्या झाल्या. वीस वर्षांच्या थोरल्या भावाचे पूर्ण जुळले.

मग ओसरीवर बैठक बसली. आजी म्हणाली, "एकुलता एक नातू माझा. त्याच्या पाठीच्या कण्याला हात लावू देणार नाही." चुलते म्हणाले, "उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा होईल." आत्याबाईंनी तोडगा काढला, "पोरीच्या आईचंच घ्या की! तिचं आता काय राहिलंय?" आई मान खाली घालून "घ्या" म्हणाली. मुलाला कोणी विचारलेच नाही. मास्तर म्हणून मलाही बोलावले होते. मी चहा प्यालो आणि गप्प बसलो.

त्या दिवशी जे बोललो नाही, ते आज बोलतो. दाता ओसरीवर ठरत नसतो. तो ठरतो आपल्या पेशींवरच्या एचएलए नावाच्या ओळखखुणांवरून. त्यांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणून एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. आईवडिलांचे सहसा निम्मेच जुळते. निम्म्या जुळणीवरही आता रोपण होते, आणि दुसरा कोणी नसेल तेव्हा तो मोठाच आधार आहे. पण पूर्ण जुळणारा तरुण भाऊ घरात असताना आईला पुढे ढकलायचे, हा कुठला न्याय?

आणि कण्याला शिवतो कोण? दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात. मग त्याचे रक्त काही तास यंत्रातून फिरवून पेशी वेगळ्या काढतात आणि बाकीचे रक्त परत अंगात सोडतात. हाडे ठणकतात, डोके दुखते, ते थांबते. नाहीतर भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. ती काही आठवड्यांत भरून येते. धोका मुळीच नाही असे नव्हे; म्हणून तर दात्यालाही आधी तपासतात. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आपल्या देशातले पहिले असे रोपण झाले, ते एका नऊ वर्षांच्या मुलीवर. मज्जा तिच्या भावाने दिली होती.

कोणी म्हणेल, "मास्तर, मग पोरावर सक्ती करायची काय?" मुळीच नाही! दान सक्तीने होत नसते. त्याला भीती वाटली, तो नको म्हणाला, तर तो त्याचा अधिकार. डॉक्टरांनी त्याला एकट्याला विचारावे आणि कारण घरात फोडू नये. पण नकार द्यायचा तर त्याने द्यावा. त्याच्या नावाने आजीने, चुलत्याने देऊ नये. तसाच आईचा होकारही मान खाली आहे म्हणून गृहीत धरू नये. आणि एकच विचारतो: आजारी नातू असता आणि जुळली नात असती, तर बैठक तरी बसली असती काय?

आमच्या बैठकांत तीन आठवडे गेले. दुखणे उलटले. तेव्हा तो पोरगा कोणाला न सांगता पहाटेच्या एस.टी.ने डॉक्टरांकडे गेला. पुन्हा केमोथेरपी, मग रोपण. मुलगी वाचली; ते तिचे नशीब, आमची अक्कल नव्हे. तिचा रक्तगट बी होता. आता भावाचा ओ झाला आहे. यंदा ती त्याला ओवाळील. तबकात त्याने काही घातले नाही तरी चालेल.

वाचकहो, अशी वेळ तुमच्या दारी न येवो. आलीच, तर बैठका घालू नका. आधी सगळ्यांची तपासणी करा. मग ज्याचे जुळेल त्याला विचारा. त्यालाच.