कमान करणारा हात

'अर्तुग्रुल' मालिका घरोघरी पाहिली जाऊ लागली तेव्हापासून मुलांना तीरकमान हवी असते. आमच्या भाच्यानेही हट्ट धरला आणि ऑनलाइन एक कमान घरी आली. दिसायला तुर्की, आत सगळे फायबर. "मामू, खरी कमान अशीच असायची का?" त्याने विचारले, आणि मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून थोडे वाचले.

खरी उस्मानी कमान दोरी काढताच उलट्या बाजूला वळते, इतकी की तिची दोन टोके एकमेकांकडे झुकतात. आत मेपलच्या लाकडाचा पातळ गाभा. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी. बाहेरच्या बाजूला गुरांच्या पायातली चिवट शीर. ती वाळवायची, कुटायची, विंचरून तिचे तंतू मोकळे करायचे आणि सरसात भिजवून थरावर थर बसवायचे. कमान ओढली की शिंग दाब सोसते, शीर ताण सोसते. मग ती उलटी बांधून महिनोन्‌महिने वाळत ठेवायची. घाई केली की थर सुटतात. ओलाव्याशी तर तिचे वैरच, म्हणून तिरंदाज ती उबदार पेटीत ठेवत. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तिचे काय झाले असते कोण जाणे!

बंदूक आली आणि कमान संपली, असे आपण सहज म्हणून टाकतो. इस्तंबूलमध्ये तसे झाले नाही. लढाईतून कमान गेली तरी ओकमेयदानीच्या मैदानावर दूर तीर मारण्याचा खेळ पुढे कितीतरी काळ चालला. तिथे तिरंदाजांचा स्वतःचा तकिया होता. 900 गेझ, म्हणजे सुमारे 600 मीटर तीर टाकील त्यालाच उस्तादाची इजाजत मिळे. सुलतान दुसरा महमूद स्वतः तिरंदाज. त्याच्या सांगण्यावरून मुस्तफा कानी यांनी लिहिलेला ग्रंथ 1847 मध्ये छापला गेला आणि त्यात कमान करण्याची रीतही आहे.

म्हणजे किताब होती, तरी कारागीर संपले. एका कमानीला इतके महिने लागत असतील तर कारागिराचे पोट कायमच्या मागणीवरच चालणार. दरबाराचा आश्रय गेला, गिऱ्हाईक आटले, मग शागीर्द तरी कशाला येईल? कच्छमधल्या कमानगरांनी कमानी रंगवणारा हात भिंतींवरच्या चित्रांकडे वळवला. नाव तेवढे जुने राहिले.

नज्मुद्दीन ओक्याय (1883-1976) यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. खत्ताती, पुस्तकबांधणी, गुलाबांची बाग, तिरंदाजी, सगळे त्यांना येत होते. आपल्या जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यावर असायचा तो अबरी कागदही ते करत. अबरी त्यांनी कला अकादमीत शिकवली. शागीर्द तयार झाले, ती कला तरली. कमानीच्या वाट्याला असा वर्ग आला नाही.

आता वारे फिरले आहे. ओकमेयदानीचा तकिया पुन्हा उभा राहिला. 2019 मध्ये युनेस्कोने तुर्की तिरंदाजीला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. संग्रहालयांतल्या कमानी मोजून, कानींचा ग्रंथ वाचून, चुकत-माकत काही जण पुन्हा शिंग आणि शिरेची कमान करू लागले आहेत. पण मैदानावर बहुतेकांच्या हातात फायबरच असते. स्वस्त, शिवाय पावसाला न भिणारे. त्यांना दोष कसा द्यावा? मात्र तीर मारणारे वाढले म्हणजे कमान करणारे वाढले, असे मी मानत नाही.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. एका तीरामुळे तिघांना जन्नत मिळते असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्यात मारणारा आहे, तीर हातात देणारा आहे आणि नेक इराद्याने तो तीर घडवणाराही आहे.

भाच्याला हे सारे सांगितले. त्याने सगळे ऐकून एवढेच विचारले, "मामू, शिंग कुठे मिळेल?" जुम्याच्या नमाजनंतर कुरेशी मोहल्ल्यात चौकशी करायचे ठरले आहे.