न्हाणीघरातला गिझर आणि बाहेरचा वारा

आपल्याकडे अंघोळीचे पाणी तापवायचे म्हणजे मागच्या दारी पाणचूल, नाहीतर पडवीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब. काटक्या, तुराट्या, गोवऱ्या घातल्या की पाणी कढत. धूर डोळ्यांत जाई खरा, पण तो कौलांच्या फटींतून वर निघूनही जाई. न्हाणीला कुडाचा आडोसा आणि वर आभाळ. जाळ आणि अंघोळ यांची गाठ बंद खोलीत कधी पडत नसे.

आता ती पडू लागली आहे. भिंतीवर टांगायचा गॅसचा गिझर तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो. कोणाचा भाऊ वाशीच्या बाजारात माथाडी आहे, कोणाची मुलगी नेरुळला दिली आहे; त्यांच्या घरी तो आपण पाहिलेला असतो. नवी मुंबई हे सिडकोने १९७० नंतर वसवलेले शहर. तिथल्या लहान घरांत चार फूट रुंद नि सहा फूट लांब एवढेच न्हाणीघर मिळते, त्याला वर एक काचपट्ट्यांची खिडकी. थंडीत वारा लागतो म्हणून त्या खिडकीवर प्लास्टिकचा कागद डकवतात. घात होतो तो इथेच.

गॅस जळायला हवा लागते. एक किलो गॅस नीट जळण्यासाठी सुमारे चारशे घनफूट हवा हवी. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे साठ-सत्तर घनफूट हवा लागते. चार बाय सहाच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात सगळी मिळून हवा १९२ घनफूट. एका अंघोळीत तिचा तिसरा हिस्सा गिझरच्या कामी येतो, आणि त्याच हवेत माणूस श्वास घेत असतो.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावतात, ती याच वायूने. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला वास येतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते. जळून झालेल्या गॅसला तो वास राहत नाही. म्हणून ‘वास आला नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज मनातून काढून टाकावा. २०२३ च्या होळीला घाटकोपरमध्ये एक दांपत्य न्हाणीघरात मृत्युमुखी पडले, तेव्हा संशय गॅस गिझरवरच गेला होता.

गळतीचे म्हणाल तर कोळी बांधवांचे उदाहरण घ्यावे. नवी मुंबईतच बेलापूरजवळ दिवाळे हे त्यांचे जुने गाव आहे. होडी म्हणजे खालून बंद असलेले भांडे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो होडीत गळला तर पाण्यासारखा तळाशी साचतो. पाणी दिसते, उपसता येते. गॅस दिसतही नाही. म्हणून होडीवर सिलिंडर असलाच, तर त्याची जागा वरती, उघड्या वाऱ्यावर. इंग्लंडच्या कालव्यांत कित्येक लोक होडीतच संसार करतात, गॅसवर पाणी तापवतात. तिथे राहत्या होड्यांमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचताच वाजणारी घंटी २०१९ पासून सक्तीची आहे. दार-खिडकी लावलेले आपले न्हाणीघर तरी त्या होडीहून वेगळे काय?

आता गिझर घेताना काय पाहावे?

आय.एस.आय. चा शिक्का आधी पाहावा. जाळ विझला तर गॅस आपोआप बंद होण्याची, आणि खोलीतला प्राणवायू घटला तर गिझर थांबण्याची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारावे. असली सोय हा दुसरा पहारेकरी. पहिला पहारेकरी वाराच. शहरात नळाने येणारा गॅस वेगळा आणि सिलिंडरचा वेगळा. ज्या गॅससाठी गिझर बनवला आहे त्यालाच तो जोडावा. मुलाचा जुना गिझर गावी आणून तसाच बसवू नये. पाण्याची टाकी गिझरपेक्षा आठ-दहा फूट उंच असावी, नाहीतर दाब कमी पडून तो पेटतच नाही. खर्चाचा अंदाज असा : पंधरा लिटरची बादली आपल्या थंडीत तापवायला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे सव्वाचौदा किलोच्या सिलिंडरवर तीनशेच्या आसपास बादल्या.

बसवण्याचा नियम एकच, तो पाठ करावा : गिझर बाहेर, गरम पाणी आत. उघड्या गॅलरीत, मागच्या पडवीत, जिथे वारा खेळतो तिथे गिझर टांगावा आणि नळीने पाणी न्हाणीघरात न्यावे. काचा लावून बंद केलेली गॅलरी ही मोकळी जागा नव्हे. गिझरचा धूर नळकांड्याने थेट घराबाहेर सोडावा. सिलिंडर उभा, वाऱ्यावर, न्हाणीघराबाहेर ठेवावा. रबरी नळी शिक्क्याची घ्यावी आणि मुदत संपताच बदलावी. बसवण्याचे काम गॅसच्या जाणकाराकडूनच करवून घ्यावे. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, गिझर साफ करून घ्यावा. जाळ निळा असावा. पिवळा दिसला किंवा काजळी धरली, तर त्या दिवसापासून गिझर बंद.

ज्यांच्या घरी गिझर आधीच न्हाणीघरात बसलेला आहे, त्यांनी तो बाहेर हलवून घ्यावा. तोवर दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, मगच अंघोळीला बसावे. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

डोके दुखणे, मळमळ, भोवळ, हातपाय गळाल्यासारखे वाटणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. पित्त समजून तिथेच बसून राहू नये. आतून हाकेला ओ आली नाही, तर दार तोडावे, गॅस बंद करावा, माणसाला उघड्यावर आणावे आणि १०८ ला फोन करावा. गॅस गळतीचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये. सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ ला कळवावे.

थंडीत आईवडील मुलाकडे राहायला जातात. सून कौतुकाने म्हणते, ‘आई, गरम पाणी आहे, सावकाश अंघोळ करा.’ त्या सासूने जाताच आधी एवढेच विचारावे, ‘बाई गं, गिझर कुठे बसवलाय?’ विचारण्यात कमीपणा काही नाही.