लळा मोजायचा तर घरी या

तान्ह्या मुलांच्या लळ्याबद्दल दोन मतं आज जोरात आहेत आणि श्रीवर्धनमध्ये दोन्ही कानांवर पडतात. सुट्टीला मुंबईहून आलेल्या तरुण आया मोबाइलवर पाहून सांगतात, की आई नजरेआड गेल्यावर मूल रडलं नाही तर त्याचा अनुबंध कच्चा. गावातली जाणती मंडळी म्हणतात, हे परदेशी खूळ आहे; आमचं पोर दहा हातांवर वाढतं, त्याच्या लळ्याची तपासणी कसली करायची? मला दोन्ही मतं अमान्य आहेत. पहिल्यामुळे चांगल्या आईच्या मनात नसती धास्ती बसते, दुसऱ्यामुळे खरोखर एकटं पडलेलं मूल कुणाच्या लक्षातच येत नाही.

पहिल्या मताला शास्त्राचा आधार म्हणून मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ चाचणीचं नाव घेतलं जातं. ती चाचणी नेमकी काय आहे? साधारण वर्ष-दीड वर्षाचं मूल आणि त्याची आई खेळणी मांडलेल्या खोलीत बसतात. एक अनोळखी बाई आत येते. आई बाहेर जाते, परत येते. मग मूल काही क्षण अगदी एकटं राहतं, ती बाई पुन्हा येते आणि शेवटी आई. एकूण आठ टप्पे, वीसेक मिनिटं. मूल फार कळवळलं तर टप्पा लगेच आवरता घेतात. अभ्यासक सर्वांत बारकाईनं पाहतात तो आई परत येण्याचा क्षण. सुरक्षित लळा असलेलं मूल, आधी रडलेलं असो वा नसो, आईची दखल घेतं, जवळीक हवी असेल तर जवळ जातं, निवतं आणि पुन्हा खेळाला लागतं. एखादं तोंड फिरवतं. एखादं तिला घट्ट धरतं आणि त्याच वेळी ढकलतंही, काही केल्या शांत होत नाही. या तीन गटांना मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी पुढे चौथा, विस्कळीत वर्तनाचा गट जोडला. यात निव्वळ रडण्यावरून गट ठरत नाही. उलट १९७७ साली स्रूफ आणि वॉटर्स यांनी हृदयाचे ठोके नोंदवून दाखवलं, की तोंड फिरवणाऱ्या मुलाचे डोळे कोरडे असले तरी आत धडधड चालूच असते. तेव्हा रडण्यावरून निकाल देणारे लोक चाचणीचं नाव घेऊन तिच्या विरुद्ध बोलतात.

चाचणी जशीच्या तशी इथं लावावी का, हा प्रश्न तरीही उरतो. तिचा सगळा डोलारा मुलाला बेताचा ताण देण्यावर उभा आहे. आईपासून क्वचितच दूर राहणाऱ्या जपानी मुलांना तो ताण असह्य झाला आणि तिथल्या संशोधकांनीच त्यावर बोट ठेवलं. आपल्याकडे अडचण नेमकी उलटी येऊ शकते.

जीवना बंदराकडच्या एका घरात मी हे पाहिलं आहे. सव्वा वर्षाचा मुलगा ओटीवर आजीजवळ बसला होता, हातात एक सुपारी. आई मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाली तेव्हा त्यानं मान वर केली नाही. शेजारची बाई आली, त्याला उचलून गेली, परत आणून ठेवलं. त्याची काही तक्रार नव्हती. दुपारी आई आली, मोरीवर हातपाय धुऊ लागली. हा भिंतीच्या आधारानं तिथवर गेला, तिचा ओला पदर धरला. तिनं उचलल्यावर मिनिटभर खांद्यावर डोकं टाकून गप्प राहिला, मग सकाळपासून सांभाळलेली सुपारी तिच्या तोंडापुढे धरली आणि खाली उतरण्यासाठी पाय झाडू लागला. वीस मिनिटांच्या खोलीत, अनोळखी बाईची भीतीच न वाटणाऱ्या या मुलाचं वर्तन परक्या परीक्षकाला कोरडेपणाचं वाटण्याचा धोका होता. घरी बसून पाहणाऱ्याला शंका उरत नाही.

एन्सवर्थबाईंना याचं भान होतं. १९५४-५५ मध्ये त्या युगांडातल्या खेड्यांत घरोघरी बसून आई-मुलं पाहत होत्या. तिथं मुलांचा लळा घरातच उघड दिसे. नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरला मुलं आईच्या येण्याजाण्याला सरावलेली निघाली, म्हणून तिथल्यासाठी ती खोली रचली गेली. तीही आधी प्रत्येक मुलाच्या घरी वर्षभरात सुमारे ७२ तास बसून! त्या वीस मिनिटांना वजन आलं ते या ७२ तासांमुळे. पुढे एव्हरेट वॉटर्स यांनी घरातल्या निरीक्षणासाठी ९० वर्णनपत्रिकांची पद्धत बसवली: मुलाला काही तास पाहायचं आणि कोणतं वर्णन त्याला किती लागू पडतं ते लावायचं. श्रीवर्धनला ही वाट जवळची आहे, आणि आजीबरोबर व काकीबरोबरही मूल कसं वागतं ते या वाटेनं वेगळं पाहता येतं. एकेका मुलावर शिक्का मारण्याला तर जाणकारांचाच विरोध आहे. २०२१ साली या क्षेत्रातल्या ७० अभ्यासकांनी एकत्र निवेदन काढून कौटुंबिक न्यायालयांना अशा वापराबद्दल सावध केलं.

आता दहा हातांचा दावा. १९८८ साली व्हॅन आयझेंडोर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र तपासले. एकाच देशातल्या अभ्यासांमध्ये आढळलेला फरक देशादेशांतल्या फरकाच्या दीडपट निघाला. तेव्हा ‘आमची मुलं वेगळीच’ म्हणून हात झटकता येत नाहीत. इस्रायलच्या किबुत्झ या सामुदायिक वसाहतींमधला पुरावा त्याहून बोलका आहे. काही किबुत्झांत मुलं रात्री आईबापांकडे झोपत, काहींत सामुदायिक बालगृहात, बदलत्या राखणदारणींच्या भरवशावर. दिवसाची व्यवस्था सारखीच. घरी झोपणाऱ्यांपैकी ८० टक्के मुलांचा आईशी सुरक्षित लळा दिसला, बालगृहात झोपणाऱ्यांपैकी ४८ टक्के. अंधारात हाक मारल्यावर ओळखीचं माणूस उठून येतं की नाही, याचा हा फरक आहे. हात किती, हे त्यापुढे गौण ठरतं.

आणि ते दहा हात आता आहेत कुठे? कर्ता पुरुष आखातात किंवा मुंबईत. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ वादळानं नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या; नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर घर चालवायला आणखी कुणी बाहेर पडतं. मागे उरते गुडघे धरलेली आजी, आणि मुलाच्या हातात मोबाइल. अशा घरात ‘आमच्याकडे माणसं भरपूर’ हे जुन्या आठवणीवर दिलेलं उत्तर आहे.

मग एकटं पडलेलं मूल हेरायचं कुणी? अंगणवाडी सेविका आजही गृहभेटीला जाते. ती वजन-उंची घेते, पोषण ट्रॅकरवर भरते. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब तपासतात. दुखलं-खुपलं की मूल कुणाकडे वळतं आणि ते माणूस त्याला घेतं का, हेही सेविकेला पाहायला शिकवा. त्यावर गुण नकोत, गट नकोत. काळजी वाटली तर आईशी, आजीशी बोलायला आणि गरज पडल्यास जाणकाराकडे पाठवायला तिच्यामागे कुणी उभं असावं. सेविकेवर आणखी एक काम लादता, असं कुणी म्हणेल. तक्रार रास्त आहे. मानधन तुटपुंजं आणि नोंदी ढीगभर. म्हणूनच माझी मागणी नव्या रकान्याची नाही. तिच्या नोंदी कमी करा आणि तो वेळ तिला मुलाजवळ बसायला द्या.