परतलेल्या विमानाचा हिशेब

भाद्रपद आला की मसुऱ्याच्या वाडीवाडीत एकच विचारणा सुरू होते : मुंबईचा चाकरमानी निघाला का, आणि पोचणार कधी? एके काळी ही चिंता बोटीची होती. पुढे ती एस. टी.ची आणि रेल्वेची झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी-परुळ्याच्या सड्यावर विमानतळ सुरू झाला आणि तीत विमानाचीही भर पडली. गणपतीच्या दिवसांत कोकणातला पाऊस संपलेला नसतो. ढग खाली उतरले की विमान फिरून मागे जाते, नाही तर फेरीच रद्द होते. प्रवासी संतापतो. हा संताप स्वाभाविक आहे. परंतु माघारी वळलेले विमान हे अपयश मानावयाचे काय, याचा विचार शांतपणे होणे अगत्याचे आहे.

पावसाळी हवेत विमान उतरविण्याची किंमत महाराष्ट्राला अपरिचित नाही. १२ जुलै १९४९ रोजी मुंबईला उतरू पाहणारे के. एल. एम. कंपनीचे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले व ४५ जण दगावले. जून १९८२ मध्ये भर पावसात सांताक्रूझला उतरताना एअर इंडियाचे बोइंग मोडले. १११ पैकी १७ जणांचा अंत झाला. अलीकडचे उदाहरण ७ ऑगस्ट २०२० चे. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर थांबू शकले नाही आणि टोकावरून खाली कोसळले. १९० जणांपैकी २१ जणांना मृत्यू आला. त्यांत वायुदलात दीर्घकाळ सेवा केलेले, नागपूरशी नाते असलेले कॅप्टन दीपक साठे व त्यांचे सहवैमानिक होते.

या अपघाताचा चौकशी अहवाल बारकाईने वाचण्याजोगा आहे. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला होता. दुसऱ्या वेळी वारा पाठीमागून होता, कॅप्टनसमोरील काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता आणि विमान धावपट्टीच्या जवळजवळ निम्म्यावर जाऊन टेकले. त्याआधीच ते पुन्हा वर उचलावयास हवे होते. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे संभाव्य कारण अहवालाने स्पष्ट नोंदविले. परंतु तो तेथेच थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कॅप्टनांकडे होते, त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, आणि कोळिकोडलाच उतरण्याच्या ओढीमागे हे कारण असावे, असेही त्याने म्हटले.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. माघारीचा खर्च ताबडतोब डोळ्यांत भरतो : जादा इंधन, दुसऱ्या विमानतळाचे शुल्क, प्रवाशांचा खोळंबा, कोलमडलेले वेळापत्रक. टळलेला अपघात मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर खर्च करण्यास व्यवस्थापन नाखूष असते. अशा वेळी सावधगिरीचा सारा भार काचेमागे बसलेल्या दोन माणसांवर पडतो. वैमानिकाची चूक ही चूकच. पण जी व्यवस्था चुकीकडे ढकलते आणि चूक झाल्यावर बोट दाखविते, तिला निर्दोष कसे म्हणावे?

मालवणच्या किनाऱ्याला हे तत्त्व नवे नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला राज्यात बंदी असते. माशांच्या प्रजननाइतकाच मच्छीमारांच्या जिवाचाही विचार तिच्यामागे आहे. एकट्यानेच होडी ओढून घेतली, तर तोटा त्याचा एकट्याचा. साऱ्यांनीच घेतली, तर थांबणे हा भित्रेपणा राहत नाही; तो रिवाज होतो.

विमान वाहतुकीतही हेच झाले पाहिजे. उतरण्याचा बेत सोडणाऱ्या वैमानिकाला दोष देऊ नये, हे तत्त्व या क्षेत्राने मान्य केलेले आहे. परंतु नुसत्या परिपत्रकाने धीर येत नाही. प्रत्येक तळावर राखीव वैमानिक हवेत. विमान अन्यत्र वळल्यास प्रवाशांच्या मुक्कामाची व पुढील रस्त्याच्या प्रवासाची सोय कंपनीने आधीच ठरविलेली हवी, आणि तो खर्च पावसाळी सेवेचा नेहमीचा खर्च म्हणून धरला जावा. त्यामुळे तिकीट थोडे महागेल हे खरे. पण स्वस्त तिकिटातील उरलेली किंमत कोणी तरी अन्य मार्गाने चुकवितच असतो.

शेवटी प्रवाशाचीही जबाबदारी उरते. विमान मुंबईस परतले म्हणून कर्मचाऱ्यांवर ओरडणारा प्रवासी नकळत पुढच्या वैमानिकावर दडपण आणीत असतो. मसुऱ्याच्या घरात आरती एक दिवस चाकरमान्यावाचून झाली तरी गणपती रागावणार नाही. घरच्यांनाही तो उशिरा आलेला चालेल.