हळिवाचें झाड पाहिलें आहे काय ?

कोंकणांत हळीव ठाऊक नाहीं असें घर सांपडणें कठीण. पण हळिवाचें झाड पाहिलेला शेतकरी सांपडणें त्याहूनही कठीण. घरांत बाळंतीण असली, अगर थंडी पडूं लागली, म्हणजे दुकानांतून हळीव आणावें, नारळाच्या पाण्यांत भिजवावें, ओलें खोबरें व गूळ घालून लाडू वळावे; येथें आमचें ज्ञान संपतें. शहरांतील हौशी मंडळी तें कुंडींत पेरून बोटभर कोंब आले कीं कापून खातात. तेथें त्यांचें संपतें. या दोहोंमधील सबंध पीक कोणीच विचारांत घेत नाहीं. तें आंजर्ल्यासारख्या गांवीं घ्यावें, असें आमचें मत आहे.

हळीव हें मोहरीच्या कुळांतील, एका हंगामांत वाढून संपणारें रोप होय. गुजराथेंत त्यास असाळियो म्हणतात; तेथें, तसेंच राजस्थान व मध्यप्रदेशांत, तें रब्बींत शेतांतून पिकतें. आमच्याकडे पीकपाहणीचीं पत्रकें आम्हीं नोकरींत पुष्कळ वर्षें हाताळलीं. भात, नाचणी, वरी, कुळीथ, नारळ, पोफळी यांच्या नोंदी हव्या तितक्या; हळीव हा शब्द एकदांही दिसला नाहीं. २०२१ सालच्या १५ ऑगस्टपासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावयाची झाली आहे. तेव्हां हा शब्द पत्रकांत आणणें आतां आपल्याच हातीं आहे.

एकाच झाडावर भिस्त ठेवण्याचा परिणाम आपण ३ जून २०२० रोजीं पाहिला. निसर्ग चक्रीवादळानें उभ्या बागा एका दिवसांत आडव्या केल्या. आणि नवा माड फळावर येण्यास पांच-सात वर्षें तरी लागतात. नव्या माडांच्या ओळींमध्यें जेथें अद्याप ऊन पोंचतें, आणि भात निघाल्यावर ज्या खाचरास जवळ पाणी आहे, तेथें हें पीक बसतें.

पेरणी पाऊस पुरता सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास करावी. जमीन भुसभुशीत व पाणी न तुंबणारी असावी. गुंठ्यास ४०-५० ग्रॅम बीं पुरतें. तें भिजवूं नये. भिजलें कीं बुळबुळीत होऊन एकमेकांस चिकटतें. कोरडेंच बारीक वाळूंत मिसळून, ३० सेंटिमीटर अंतरावरील ओळींत, अर्ध्या बोटाहून खोल न जाईल असें टाकावें आणि झारीनें हलकें पाणी द्यावें. आठवड्याच्या आंत उगवण होते. मावा पडल्यास निंबोळी अर्क वापरावा. पाला खावयाचा असल्यानें विषारी औषध मारूं नये.

तीन-चार आठवड्यांनीं रोप वीतभर झालें कीं शेंडा राखून पाला खुडावा. कच्चा पाला मोहरीसारखा तिखट लागतो, म्हणून कोशिंबिरींत थोडाच घालावा. मूगडाळींत शिजविल्यास तिखटपणा बराच उतरतो. पांढरीं बारीक फुलें आलीं म्हणजे पाला जून होतो. मग खुडणें थांबवावें आणि रोप बियांसाठीं सोडावें. चपट्या शेंगेंत दोनच दाणे असतात. सुमारें १०० ते १२० दिवसांत शेंगा पिवळ्या-तपकिरी होतात. उन्हांत कापणी केल्यास दाणे गळतात. म्हणून पहांटे दंव असतांच कापावें, कापडावर वाळवून काठीनें झोडावें, आणि मृगापूर्वीं बीं घट्ट झांकणाच्या बरणींत भरावें.

कोणी म्हणतील, मजूर मिळत नाहींत, त्यांत हा मुठीएवढा उद्योग कशाला ? मजूर मिळत नाहींत हें खरेंच. म्हणूनच आम्हीं बिघ्याची नव्हे, गुंठ्याची गोष्ट करीत आहों. एवढें काम घरचीं माणसें करूं शकतात. भावाची हमी आम्हीं देत नाहीं. प्रथम घरापुरतें पिकवावें, वजन करावें, खर्च लिहून ठेवावा. बाजाराचा विचार दुसऱ्या वर्षीं. दुकानांतील हळीव किती जुनें हें आपणांस कळत नाहीं. घरचें कळतें, हा लाभ पहिल्याच वर्षींचा.

गुणांची अतिशयोक्तिही करूं नये. हळिवांत प्रथिनें व स्निग्धांश प्रत्येकीं सुमारें चौथा हिस्सा असतात, आणि लोहही असतें. तथापि पंडुरोगावर तें एकटें औषध नव्हे. परंपरेनें तें बाळंतपणानंतर देतात. गरोदर स्त्रीनें डॉक्टरांस विचारल्यावांचून खाऊं नये.

आमची सूचना दोन प्रकारची आहे. दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून आपल्या तालुक्यांतच आहे. किनाऱ्यासाठीं पेरणीची नेमकी वेळ व उत्पन्न यांची परीक्षा करावी, अशी लेखी मागणी आपल्या मंडळीनें त्याजकडे करावी. आणि उत्तराची वाट न पाहतां प्रत्येक सभासदानें येत्या कार्तिकांत एक गुंठा पेरावा. फाल्गुनाअखेर दहा जणांचीं टिपणें एकत्र झालीं, तर आमच्या या लेखापेक्षां तीं अधिक उपयोगी पडतील.