खबर कुणाला पोचते?

गेल्या पावसाळ्यात तळेगावजवळच्या एका कारखान्यात बैठकीला गेले होते. तिथल्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली जो कायदा झाला, त्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अशी समिती असावी लागते. स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली एक व्यक्ती तिच्यात बाहेरून घ्यावी लागते. त्या नात्यानं मी जाते.

बैठकीत मी नेहमीचा प्रश्न विचारला, "समितीत कोण कोण आहे, हे इथल्या बायांना माहीत आहे का?" मनुष्यबळ विभागातल्या ताईंनी लगेच कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. कंपनी दर महिन्याला कर्मचाऱ्यांसाठी ई-मेलवर एक वार्तापत्र पाठवते. वाढदिवस, बक्षिसं, नवीन मशीन, साहेबांचा संदेश. त्यातच एका पानावर समितीच्या सदस्यांची नावं, फोटो, फोन नंबर, सगळं नीट छापलेलं होतं. अंक किती जणांनी उघडला याचा आकडाही त्यांच्याकडे होता आणि तो चांगला होता. मलाही बरं वाटलं.

दुपारी कँटीनमध्ये बायांशी बोलायला बसले. पॅकिंगच्या, साफसफाईच्या, कँटीनच्या, ऑफिसातल्या अशा सगळ्या होत्या. मी विचारलं, "वार्तापत्रात समितीची नावं आली होती, कुणी कुणी वाचली?" ऑफिसातल्या पाचसहा जणींनी हात वर केले. बाकीच्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग साफसफाईचं काम करणारी एक मावशी म्हणाली, "मेल तर सायबांच्या टेबलावर येतो ना ताई? ते टेबल मी रोज पुसते."

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून हे वाक्य माझा पिच्छा सोडत नाही.

मी नंतर त्या मनुष्यबळ विभागातल्या ताईंशी सविस्तर बोलले. त्यांना दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. वार्तापत्राचं काम त्यांच्याकडे 'जाता जाता' आलेलं आहे. बाईच्या वाट्याला अशी कामं नेहमी जाता जाताच येतात! स्वतःचं काम सांभाळून त्या विभागाविभागातून मजकूर मागवतात, फोटो गोळा करतात, इंग्रजी नीट करतात, साहेबांकडून मंजूर करून घेतात. हे सगळं करताना "पाठवायचं कुणाला?" हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण यादी तयार असते. ती पगाराच्या सॉफ्टवेअरमधून येते. ज्यांचा पगार कंपनी काढते, त्यांचे पत्ते त्या यादीत. पॅकिंगच्या, साफसफाईच्या, कँटीनच्या बाया ठेकेदाराच्या पटावर. त्यांना कंपनीचा ई-मेल नाही, म्हणून त्या यादीत नाहीत.

आणि तो चांगला आकडा? ज्यांना अंक पाठवलाच नाही, त्या 'न वाचणाऱ्यां'तही मोजल्या जात नाहीत. त्यामुळे आकडा चांगलाच येणार.

कायदा मात्र असा भेद करत नाही. कायम, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, या सगळ्याजणी त्याच्या दृष्टीनं कर्मचारीच आहेत. समिती नेमल्याचा आदेश आणि छळ केल्यास होणारी शिक्षा कामाच्या जागी ठळकपणे लावणं, जाणीव करून देणारे कार्यक्रम घेणं, हे मालकाचं कर्तव्य आहे. एवढं असून आज अनेक ठिकाणी "आम्ही मेल केला होता" हे त्या कर्तव्याचं पावतीपुस्तक झालं आहे.

यात एवढं काय बिघडलं, असं कुणाला वाटेल. बिघडतं ते असं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. तसंच काही कारण असेल तर समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. आमच्या केंद्रात एक बाई आली तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. नोकरी तिनं आधीच सोडली होती. तिची हकिगत मी इथे लिहिणार नाही. पण "तिथे समिती होती" असं सांगितल्यावर ती जे म्हणाली तेवढं सांगते : "मला कुणी सांगितलं असतं तर मी नोकरी कशाला सोडली असती?" पोलिसांचा रस्ता होता, पण तो चढायची ताकद तिच्यात उरली नव्हती. समिती होती, तिची नावं प्रसिद्ध झाली होती, फक्त ती हिच्यापर्यंत आली नव्हती.

कारखान्याच्या वार्तापत्राला कमी लेखू नये. आपल्या मराठी बायकांनी तर मुळीच नाही. 1920 साली किर्लोस्करवाडीत शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते कारखान्याची खबर देणारं पत्र म्हणूनच. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभं राहिलं आणि 1930 मध्ये त्याच घरातून 'स्त्री' मासिक निघालं. पुढे विद्याताई बाळ त्याच 'स्त्री'च्या संपादक झाल्या आणि 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. म्हणजे कारखान्याच्या पत्रकाची वाट बायकांच्या हातातल्या मासिकापर्यंत जाऊ शकते! अट एकच. वाचणारा कोण आहे, याची कल्पना मोठी ठेवावी लागते. आजच्या ई-मेलचं तंत्र शंभरपटीनं पुढे गेलं, पण वाचकाची कल्पना पगाराच्या यादीएवढी आखूड झाली.

हे बोलल्यावर हमखास उत्तर येतं, "मग बायांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करून टाकू." इथे जरा थांबावं. किती जणींकडे स्वतःचा फोन आहे? कित्येक घरांत तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो. शिवाय अशा ग्रुपमध्ये सुपरवायझर असतो, ठेकेदाराचा माणूस असतो, आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. रात्री-अपरात्री येणारे मेसेज तिथूनच सुरू होतात. छळाविरुद्धची माहिती देताना छळाचं नवं दार उघडायचं का? बाईला विचारल्याशिवाय तिचा नंबर कुठेही टाकू नये. वाढदिवसाच्या पानावर तिचा फोटोसुद्धा विचारूनच छापावा.

दुसरं उत्तर, "त्या बाया वाचत नाहीत." मावळातल्या गावांतून पहाटे उठून, डबा करून, टमटम नाहीतर कंपनीची बस पकडून येणारी बाई ठेकेदाराच्या पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा बरोबर वाचते, कापलेला खाडा ओळखते. तिच्या कामाचं आणि तिच्या भाषेत असेल, तर ती वाचते. नाही वाचता आलं तर शेजारची वाचून दाखवते.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. वार्तापत्राची यादी पगारावरून करू नका, गेटवरून करा. सकाळी जी जी गेटमधून आत येते, ती वाचक. मेल जायचा तर जाऊ दे. पण त्याच अंकाचं एक मराठी पान मोठ्या अक्षरात छापून बायांच्या स्वच्छतागृहात, कपडे बदलायच्या खोलीत, कँटीनमध्ये, बसमध्ये लावा. समितीची नावं वर्षातून एकदा छापून भागत नाही, ती प्रत्येक अंकात हवीत. पाळी सुरू होताना दहा मिनिटं ते पान वाचून दाखवा. मजकूर ठरवताना पॅकिंगची एक आणि साफसफाईची एक बाई सोबत बसवा, तीही कामाच्या वेळेत. आणि समितीपुढे आलेल्या तक्रारीबद्दल चकार शब्द छापू नका. ना नाव, ना गाव, ना 'एका विभागात असं घडलं' अशी सूचक ओळ. कायद्यानंही ते निषिद्ध आहे.

यात खर्च किती? कागद आणि चिकटपट्टी.

आता लोणावळ्याकडे बघा. मोठ्या हॉटेलांत निदान समिती आणि मेल तरी असतो. पण भाड्यानं दिल्या जाणाऱ्या बंगल्यांत झाडलोट, स्वयंपाक करणाऱ्या दोघी-तिघी, लहान लॉजवर चादरी बदलणाऱ्या चौघी, यांच्यासाठी ना वार्तापत्र, ना समिती. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार स्वीकारून सात दिवसांत पुढे पाठवण्यासाठी तालुक्याला एक अधिकारी नेमायचा असतो. ही खबर त्या बायांना कोण देणार? इथे कुणाच्या मेलची वाट बघण्यात अर्थ नाही. हे काम आपलं, बचतगटांचं, महिला मंडळांचं आहे.

आमच्या कारखान्यात एवढं झालं, की आता दर महिन्याला मराठी पान निघतं. पहिलं पान लावलं त्या दिवशी टेबल पुसणाऱ्या मावशींनीच ते कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा सदस्यांचा फोन नंबर त्यांनी स्वतःहून पुन्हा वाचला. दोघीतिघींनी तो तळहातावर लिहून घेतला.

तुमच्यापैकी ज्या अशा समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातात, त्यांना एक विनंती. पुढच्या बैठकीत वार्तापत्र दाखवलं, तर अंकाचं कौतुक जरूर करा. पण त्याबरोबर तो ज्यांना जातो ती यादी मागा, आणि ती गेटच्या हजेरीशेजारी ठेवून बघा.